कोकणात झेब्रा फिंच पाळायचे तर आधी ओल सांभाळा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर गुहागरात, समुद्राजवळ, कौलारू. आठवीतल्या लेकीला झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी हवी आहे. दुकानदाराने गोल पिंजरा, झोपायला मडकं आणि वर्षभर पुरतील एवढे दाणे असा सगळा संच दाखवला. पिंजरा पडवीत टांगायचा तुमचा विचार आहे, आणि आपल्याकडच्या पावसात एवढासा जीव टिकेल का, ही शंका आहे.

टिकेल. कोकणात हे पक्षी उत्तम राहतात, आनंदाने पिल्लंही काढतात. मात्र त्या संचातल्या तिन्ही गोष्टी नकोत आणि पडवीही नको. कारण सांगतो, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. गवताळ रानात थव्याने फिरायचं, गवताचं बी खायचं, पाऊस झाला आणि गवत बियांवर आलं की झटपट घरटी करायची, हा त्याचा मूळ क्रम. आपल्याकडे विकले जातात ते पक्षी पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, तरी शरीर त्याच कोरड्या मुलखाचं आहे. मे महिन्यातला उकाडा त्याला सोसतो, सावली आणि पाणी मिळालं की झालं. आपल्या डिसेंबरातल्या थंडीनेही त्याला काही होत नाही. त्याला मारते ती ओल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे धो धो पाऊस कोसळतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ पाझरतं. त्याच हवेत दाण्यांना, पिंजऱ्याच्या तळाला आणि घरट्यातल्या गवतालाही बुरशी येते. बुरशीचे कण पक्ष्याच्या फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत जाऊन बसले की उपचार फार अवघड होतात. बुरशी आलेल्या दाण्यांतून जे विष तयार होतं ते यकृतावर जातं. पावसाळ्यात ‘काही झालं नव्हतं, अचानक मेला’ म्हणून लोक जे सांगतात, त्यामागे बहुतेक वेळा दाणे निघतात.

म्हणून पहिला सल्ला: पक्षी आत्ता, पावसाच्या तोंडावर आणू नका. दसरा-दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबरात हवा कोरडी होते. तेव्हा आणलेली जोडी पहिल्या पावसापर्यंत घरात रुळते, आणि लेकीलाही तिची जोडी निरोगी असताना कशी दिसते, किती खाते, कशी झोपते हे पाठ होतं. ही ओळख झालेली असली की पावसाळ्यातलं छोटंसं बिघडलेलंही लगेच डोळ्यात भरतं. तोवर पिंजरा तयार करायला भरपूर वेळ आहे.

पडवी का नको? आडवा पाऊस कितीही आडोसा केला तरी शिंतोडे आत टाकतोच. पण त्याहून मोठं कारण रात्रीचं आहे. आपल्या वाड्यांत धामण असते, मांजऱ्या साप असतो, आणि कौलारू घरात उंदीर नाही असं होत नाही. साप वाशावरून, टांगलेल्या तारेवरूनही पिंजऱ्यापर्यंत येतो. दिवसा कावळे आणि शिक्रा असतात. पक्षी पिंजऱ्यात सुरक्षित असला तरी शिक्रा तारेवर येऊन आपटला की तो जिवाच्या आकांताने आतल्या आत धडका घेतो आणि त्यातच जातो. पडवीत सकाळचं कोवळं ऊन दाखवायला तासभर ठेवा, समोर बसून. मुक्काम माजघरात किंवा अशा खोलीत हवा जिथे खिडकीतून उजेड येतो, वारा थेट अंगावर येत नाही, आणि एक बाजू भिंतीला आहे. पाठीशी भिंत असली की हे पक्षी निवांत राहतात. उंची तुमच्या छातीएवढी.

स्वयंपाकघर मात्र कटाक्षाने टाळा. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारी वाफ आपल्याला जाणवतही नाही, पण पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते. चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, भिंतीचा ताजा रंग, फवारायचं कीटकनाशक, हे सगळं त्याच यादीत. डासांसाठी पिंजऱ्यावर रात्री साधी मच्छरदाणी टाका. डासांमुळे पक्ष्यांत देवीसारखा रोग पसरतो, म्हणून ती चैन नाही, गरज आहे.

पिंजरा गोल नको. झेब्रा फिंच पोपटासारखा तारेला धरून चढत नाही, तो उडतो, एका काठीवरून दुसऱ्या काठीवर, दिवसभर. त्याला उंची नको, लांबी हवी. एका जोडीला निदान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पिंजरा घ्या. तीन फूट मिळाला तर फारच चांगलं. दोन तारांमधलं अंतर एक सेंटीमीटरच्या आसपास. पोपटांसाठीच्या पिंजऱ्याच्या तारा रुंद असतात, त्यातून हा सहज निसटतो किंवा मान अडकवून घेतो. वर सरकणारी छोटी दारं असतील तर त्यांना चिमटा किंवा क्लिप लावा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक विचार करावा लागतो. खाऱ्या वाऱ्यात साधा मुलामा दिलेली तार एका पावसाळ्यात गंजते, मुलाम्याचे पोपडे निघतात आणि पक्षी ते चोचीने टोकरतात. मुलाम्यातलं जस्त त्यांना विषारी आहे. पावडर कोटिंग केलेला पिंजरा घ्या आणि महिन्यातून एकदा सांधे तपासा, गंज तिथूनच सुरू होतो. बजेट असेल तर स्टेनलेस स्टीलची जाळी लावून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. एकदाच खर्च होतो आणि पुढे चिंता राहत नाही.

काठ्या प्लॅस्टिकच्या काढून टाका. परसातल्या पेरूच्या फांद्या आणा, बोटाएवढ्या जाड, काही बारीक काही जाड, म्हणजे पायांना व्यायाम होतो. धुऊन उन्हात वाळवून लावा. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, मध्ये उडायला मोकळी जागा. दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यावर काठी येणार नाही हे बघा, नाहीतर विष्ठा थेट आत. तळाला वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. पावसाळ्यात भुसा किंवा वाळू घालू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. कागदाचा दुसरा उपयोग म्हणजे विष्ठा नीट दिसते. पांढऱ्या-काळ्या बांधीव ठिपक्यांऐवजी पाणचट हिरवं दिसलं की समजायचं, लक्ष द्यायला हवं.

आता दाणे. माझ्या मते फिंच पाळण्याचा निम्मा भाग इथेच आहे.

मुख्य आहार म्हणजे बारीक भरडधान्यं. राळा हे त्यातलं सगळ्यात उत्तम, दुकानात बहुधा ‘कांगणी’ म्हणून मिळतं. त्यात वरी आणि नाचणी मिसळा. नाचणी तर आपल्या घरात असतेच. बाजरी थोडीच. सूर्यफुलाचं बी नको, त्याची चोच त्यासाठी नाही. एक पक्षी दिवसाला साधारण एक लहान चमचा दाणे खातो, त्यामुळे जोडीला महिन्याला अर्धा किलोही लागत नाही. वर्षाचे दाणे एकदम घेण्यात काही फायदा नाही, उलट पावसाळ्यात तेच अंगलट येतात.

दाणे जिवंत आहेत की नाहीत हे तपासायची सोपी रीत आहे. पन्नास दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधा आणि दोन-तीन दिवस फडकं ओलसर ठेवा. चाळीसच्या वर मोडले तर माल ताजा. निम्मेच मोडले तर तो माल जुना आहे, परत करा. आणि पिशवी उघडल्याबरोबर वास घ्या. चांगल्या राळ्याला कोरडा, गवतासारखा वास येतो. कुबट वास आला, दाणे बोटांना चिकटले किंवा पिशवीच्या कोपऱ्यात जाळी दिसली, तर ते कोंबड्यांनाही घालू नका.

मे महिन्यात आपण पावसाळ्याची बेगमी करतो, पापड-कोकमं वाळवतो, तेव्हाच फिंचच्या चार महिन्यांच्या दाण्यांना दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा. पूर्ण गार झाल्यावर, गरम असताना नाही, घट्ट झाकणाच्या लहान लहान बरण्यांत भरा. एकच मोठा डबा केला तर रोज उघडताना ओली हवा आत जाते आणि सगळाच माल बाद होतो. पंधरा दिवसांची एक बरणी, असा हिशोब ठेवा. फ्रिजमध्ये जागा असेल तर बरण्या तिथे, पण बाहेर काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं.

नवशिक्यांच्या घरी सगळ्यात जास्त फिंच कशाने जात असतील, तर भरल्या वाटीपुढे उपाशी राहून. हे पक्षी दाणा चोचीत फिरवून सोलतात, गर खातात आणि टरफल तिथेच वाटीत टाकतात. संध्याकाळपर्यंत वाटी वरून काठोकाठ दिसते, आणि असतो नुसता कोंडा. पक्ष्याचं वजन बारा ते पंधरा ग्रॅम. एवढ्या जिवाजवळ साठा काहीच नसतो, एक दिवस पोटात काही गेलं नाही तर तो हातचा जातो. म्हणून रोज सकाळी वाटी बाहेर नेऊन हलकी फुंकर मारायची, टरफलं उडवायची, खाली काय उरलं ते पाहायचं आणि मग भर घालायची. फुंकर पिंजऱ्याजवळ नको, कोंडा त्यांच्या डोळ्यांत जातो. हे काम लेकीचं ठेवा. शाळेच्या आधी दोन मिनिटं लागतात.

दाण्यांबरोबर हिरवं हवं. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, तवशाची पातळ फोड. सगळं धुऊन, पाणी पुसून, अर्ध्या दिवसात उरलेलं काढून टाकायचं. आठवड्यातून एकदोनदा उकडलेलं अंडं कुस्करून चमचाभर द्या. मोड आलेला राळा त्यांना फार आवडतो, पण पावसाळ्यात तो दोन-तीन तासांत आंबतो, तेव्हा त्या चार महिन्यांत टाळलेला बरा. अवोकाडो, चॉकलेट, खारवलेलं काहीही, चहात बुडवलेलं बिस्किट, यातलं काहीही द्यायचं नाही, हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

कॅल्शियमसाठी आपल्याला बाजारात जायची गरज नाही. म्हाकुलाच्या अंगातलं पांढरं हलकं हाड, ज्याला समुद्रफेन म्हणतात, ते आपल्या किनाऱ्यावर वाहून येतं. लेकीला घेऊन फिरायला जा आणि गोळा करा. तेलकट डाग किंवा डांबर लागलेलं नको, स्वच्छ पांढरं घ्या. घरी आणल्यावर गोड्या पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, रोज पाणी बदला म्हणजे मीठ निघून जाईल. मग पाच-दहा मिनिटं उकळा आणि खणखणीत उन्हात वाळवा. वास अजिबात राहता कामा नये. त्याची एक बाजू टणक असते, दुसरी नखाने ओरखडा काढला तर पिठासारखी भुकटी निघेल अशी मऊ. मऊ बाजू पक्ष्यांकडे करून तारेला बांधा. सोबत अंड्याचं कवच उकळून, वाळवून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवा.

पाणी रोज बदला, उन्हाळ्यात दोनदा. झेब्रा फिंच चोच पाण्यात बुडवून कबुतरासारखं ओढून पितो, बाकीच्या बहुतेक पक्ष्यांसारखी मान वर करत नाही. लेकीला हे जवळून पाहायला आवडेल. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा स्वतः पिता तेच पाणी त्यांनाही द्या. दुपारी उथळ बशीत आंघोळीचं पाणी ठेवा, अर्धा इंच पुरे. ते अक्षरशः रांगेत उभे राहतात. झड लागलेल्या दिवसांत मात्र आंघोळ नको, पिसं वाळत नाहीत.

पक्षी निवडताना घाई करू नका. करड्या रंगाच्या नराच्या गालावर केशरी ठिपका, कुशीवर तपकिरी पट्ट्यात पांढरे ठिपके आणि गळ्याखाली बारीक काळे पट्टे असतात. मादी साधी करडी. नराची चोच लालभडक, मादीची केशरी. पांढऱ्या जातीत बाकी खुणा नसतात, तिथे चोचीवरूनच ओळखायचं. चोच काळी असेल तर ते पिल्लू आहे, ते आणू नका, निदान तीन महिन्यांचं होऊ द्या. दुकानात पाच मिनिटं लांब उभं राहून बघा. निरोगी फिंच एका जागी दहा सेकंदसुद्धा बसत नाही. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला एखादा दिसला तर त्या पिंजऱ्यातला दुसराही घेऊ नका.

एकटा पक्षी कधीच घेऊ नका. हे थव्यातले जीव आहेत, एकटेपणाने खंगतात. पण जोडी म्हणजे नर-मादीच हवी असंही नाही. माझं स्पष्ट मत असं की पहिल्यांदा पाळणाऱ्याने दोन नर घ्यावेत. अंड्यांची भानगड नाही, आणि गाणं दोघांचं. फक्त नरच गातो. पिल्लूपणी तो बापाचं गाणं ऐकून स्वतःचं बसवतो आणि मग आयुष्यभर तेच गातो, म्हणून प्रत्येक नराचं गाणं थोडं वेगळं असतं. मेंदू आवाज कसा शिकतो याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं याच पक्ष्यावर काम करतात, आणि २०१० साली कोंबडीनंतर जनुकीय आराखडा पूर्ण वाचला गेलेला दुसरा पक्षी हाच. लेकीला विज्ञानाची आवड असेल तर दोन नरांची गाणी फोनवर रेकॉर्ड करून तुलना करायला सांगा.

आणि तुम्ही नर-मादी घेतलीच, तर मडकं नको. दुकानदार सांगतो ते झोपण्यासाठी आहे, पण फिंच काठीवर बसून छान झोपतात. मडकं दिसलं की मादी अंडी घालायला लागते. चार ते सहा अंडी, दोघं मिळून बारा ते चौदा दिवस उबवणार, पिल्लं तीन आठवड्यांनी बाहेर, आणि ती स्वतः खायला लागेपर्यंत पुढची अंडी तयार. घरात दाणापाणी बारमाही असल्यामुळे ती थांबत नाही. हाडांतलं कॅल्शियम संपतं, मग एक दिवस अंडं अडकतं. मादी तळाशी फुगून बसलेली, शेपटी वरखाली, पोट ताठ. अशा वेळी तिला लगेच उबेत न्यावं लागतं आणि तरीही हाती लागेल याची खात्री नसते. शिवाय भावंडं तीन महिन्यांत वयात येतात आणि आपसातच जोड्या लावतात. वर्षभरात दोनाचे वीस होतात आणि मग ते कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतो. सोडून देणं हा पर्याय नाही, पिंजऱ्यातला फिंच बाहेर दोन दिवसही काढत नाही, कावळेच उचलतात.

पुढेमागे पिल्लं घ्यायचीच झाली तर नोव्हेंबर ते मार्च एवढ्यातच, आणि जास्तीत जास्त दोन वेळा. घरट्यासाठी काथ्या आपल्याकडे मुबलक आहे, पण तो बोटभर लांबीचे तुकडे करूनच द्या. लांब तंतूंत पिल्लांचे पाय गुंडाळले जातात आणि रक्त थांबून पाय जातो. मार्चअखेर घरटं काढून, धुऊन, माळ्यावर.

आजारपणाबद्दल एवढंच लक्षात ठेवा की फिंच शेवटपर्यंत दुखणं लपवतो. दिवसा फुगून बसणं, तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी हलणं, चोच उघडी ठेवून श्वास, गाणं बंद होऊन टिकटिक असा आवाज, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी हालचाल करायची. लहान खोक्यात मऊ कापड, एका बाजूला चाळीस वॉटचा साधा पिवळा बल्ब, आत साधारण तीस अंश ऊब, आणि दुसरी बाजू थोडी गार, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. दाणे-पाणी अगदी पुढ्यात. मग डॉक्टर. माणसांच्या किंवा कोंबड्यांच्या औषधाचे थेंब अंदाजाने घालू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी जास्त येतात, तरी पक्षी आणायच्या आधीच तिथे जाऊन विचारून ठेवा, लहान पक्षी कोण पाहतं. परळचं आणि शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब पडतं, पण तुमचे डॉक्टर तिथे फोनवर सल्ला घेऊ शकतात.

कायद्याचंही सांगतो. झेब्रा फिंच परदेशी असल्यामुळे पाळायला हरकत नाही. पण आपल्याकडच्या मुनिया, मग ती लाल असो, ठिपकेवाली असो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाहीत. काही ठिकाणी त्याच मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून ‘रंगीत फिंच’ म्हणून विकतात. असा पक्षी दिसला तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.

लेकीला एक गोष्ट मात्र आधीच सांगा. हा हातावर बसणारा पक्षी नाही. पकडलं की घाबरून त्याची धडधड वाढते. तिला मांडीवर घेऊन लाड करायला जीव हवा असेल तर बजरीगार, म्हणजे छोटा पोपट, घ्या. फिंच बघायचा आणि ऐकायचा. तो पाच ते सात वर्षं जगतो, चांगला सांभाळला तर आणखी. लेक बारावी होऊन पुण्याला गेली तरी पक्षी घरात असतील आणि पाणी बदलायला तुम्ही असाल. हा विचार तुमच्यासाठी आहे.

वादळाचा इशारा आला की काय, तेही ठरवून ठेवा. ‘निसर्ग’च्या वेळी, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडच्या कित्येक घरांवरची कौलं गेली आणि वीज बरेच दिवस नव्हती. झाकण असलेली लहान ने-आणीची पेटी, आठवड्याचे दाणे वेगळ्या बरणीत आणि एक टॉर्च एवढं कोपऱ्यात तयार असू द्या. रात्री अचानक काळोख झाला तर फिंच भेदरून तारांवर आपटतात, म्हणून पावसाळ्यात पिंजऱ्याजवळ बॅटरीवरचा मंद दिवा लावा.

आणि गणपतीत घर भरलेलं असतं, धूप, उदबत्ती, आरतीचा गजर, दारात फटाके. प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशीच पिंजरा मागच्या खोलीत हलवा, दार लोटून घ्या आणि मुंबईहून आलेल्या मुलांना तिथे दोघादोघांनीच पाठवा. त्या गडबडीतही सकाळची फुंकर कोण मारणार, हे आधीच ठरवून टाका.